पान लागलं

मुलांनो, जरा असं समजा, की बाहेर झड लागली आहे. धो धो पाऊस नव्हे. आपल्या यवतमाळकडं श्रावणात लागते ती झड, बारीक आणि न थांबणारी, जिच्यात सरपण आतून ओलं होतं आणि चुलीला नुसता धूर येतो. घर कुडाचं, वर पत्र्याच्या टिना. भिंतीच्या बुडाशी पाणी पाझरून जमीन मऊ झालेली. घरात बाज एकच, आणि तिच्यावर तुम्ही नाही, गव्हाचं पोतं झोपलेलं आहे. तुम्ही खाली, ताडपत्रीवर अंथरलेल्या गोधडीत. एका अंगाला दादी, दुसऱ्या अंगाला धाकटा भाऊ. कूस बदलायची तरी दोघांना उठवावं लागेल. दिसतंय का तुम्हाला हे?

अशी झोपली होती वर्षा. घाटंजीच्या पुढं, डोंगराच्या उतारावर एक तांडा आहे, तिथली. पाचवीतली मुलगी. शाळेत मराठी बोलायची, घरात बंजाऱ्यांची गोरबोली आणि वऱ्हाडी मिसळून, आणि बाजारात गेली की नुसती वऱ्हाडी. तिला कधी अडखळायला होत नसे.

पहाटे भावानं तिला हलवलं. राजकुमार त्याचं नाव, पण घरात सगळे राजू म्हणायचे. चार वर्षांचा होता.

"ताई, मुंगी चावली."

"कुठं?"

त्यानं कानामागं हात नेला. अंधारात तिनं तिथं दोन बोटं फिरवली, काही लागलं नाही.

"झोप, गप."

तो झोपला. तीही झोपली.

उजाडल्यावर त्यांची याडी, म्हणजे आई, चंदाबाई, निंदणाला जाणाऱ्या बायांबरोबर गेली. कपाशीत गवत माजलं होतं आणि झडीमुळं आधीच कामं मागं पडली होती. ती गेल्यावर राजू उठून बसला आणि पोट दुखतं म्हणाला. मग ओकला. मग पुन्हा आडवा झाला.

"जंत असतीन," बाप लखीराम म्हणाला. तो दारात बसून खराट्याच्या काडीनं मोटारसायकलच्या चाकातला चिखल काढत होता. "काल दिवसभर शेंगा चघळून राह्यला होता."

दादीनं, भुरीबाईनं, नातवाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं. पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. झोपेनं येतात तशा, पण झोपेच्या नव्हेत. ती अंगणात गेली, कडुनिंबाची डहाळी ओरबाडून आणली आणि पाला त्याच्या तोंडात घातला.

"चाव."

तो चावू लागला.

"कडू लागते का?"

राजू भाकरीचा तुकडा चावावा तसा चावत राहिला. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. दादीचा हात हवेतच थांबला.

"लख्या," ती म्हणाली, "पोराले पान लागलं."

तांड्यात त्याचं नाव कुणी घेत नाही. दिसलं तर जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात. चावलं तर म्हणतात, पान लागलं. नाव काढलं की ते हाक मारली असं समजून येतं, आणि ज्याला चावलं त्याच्या अंगातलं जहर वर चढतं, असं दादी सांगायची. जहर चढलेल्याला कडुनिंबही कडू लागत नाही, असंही. वर्षाला हे पाढ्यांइतकं खरं वाटायचं.

लखीरामनं पोराचे पाय पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, पाठ पाहिली.

"कुठं हाय खूण? दाखव मले."

"सगळ्यायची खूण राह्यते का? घनश्याम भगताकडं ने त्याले."

"मायवो, भगत काय करीन? दवाखान्यात नेतो. जंताचं औषध देतीन."

"जंत नोहे ते."

"तुले पावसाळाभर हेच दिसते."

असं म्हणाला खरा, पण खराट्याची काडी त्यानं फेकून दिली आणि गाडीला किक मारली. एका गाडीवर चौघं निघाले. पुढं टाकीवर राजू, मागं वर्षा, तिच्या मागं दादी. चाक घसरलं की दादीच्या बाह्यांतल्या पांढऱ्या चुड्या वर्षाच्या बरगड्यांत रुतायच्या. मुंगीचं तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं, हेच तिला कळत नव्हतं. सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार: मग तू काय केलं?

दवाखान्याच्या फाटकात लखीरामनं त्यांना उतरवलं. "नंबर लावा. मी चंदीले वावरातून घेऊन येतो." आणि तो वळलाही.

दादीनं वर्षाच्या ओठांवर बोट ठेवलं. "डॉक्टरबाईनं कितीबी इचारलं तरी त्याचं नाव काढू नको. तुह्या भावाचा जीव हाय."

व्हरांड्यातलं बाक भरलेलं होतं. दादी भिंतीला टेकून खालीच बसली आणि राजूला मांडीवर घेतलं. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळून तिच्या ओढणीवर पडत होती. दादी दर वेळी ती पुसायची.

दार उघडं होतं. आत डॉक्टरीण दिसत होती. वयानं लहान, नागपूरची, या दवाखान्यात नवीनच. तिचं नाव आभा. समोर एक म्हातारा खोकला घेऊन आला होता आणि सांगत होता बैलाबद्दल. बैल विकला, मग गोठा रिकामा झाला, मग तो गोठ्यातच झोपायला लागला. बाकावरची माणसं कंटाळली होती. डॉक्टरीण मात्र मोठ्यानं, सावकाश म्हणत होती, "आणि मग?" शेवटी तो म्हणाला, गोठ्यात कुटार, म्हणजे भुसा, भरलंय, त्याची धूळ उडते. तेव्हा कुठं तिनं त्याच्या छातीला नळी लावली.

त्यानंतर एक तान्हं बाळ आलं. त्याला ती काय विचारणार? विचारलं आईला, पण नजर बाळावरच. नळीचं टोक आधी आपल्या तळव्यात धरून गरम केलं आणि मग त्याच्या पोटावर ठेवलं. त्यानंतर मिसरूड फुटलेला एक पोरगा, त्याच्याऐवजी सगळी उत्तरं त्याची मायच देत होती. "काकू, तुम्ही जरा बाहेर थांबता?" डॉक्टरीण म्हणाली. काकू फणफणत बाहेर आली.

"पोट्टं माहं अन् मलेच भाईर काढते," तिनं बाकाला सांगितलं. मग तिची नजर दादीवर गेली. "तांड्यावरचे काय वो तुमी? सकायी सकायी दवाखान्यात? तुमचं तर आधी भगत राह्यते."

दोघंतिघं हसले. वर्षानं मान खाली घातली आणि राजूच्या तोंडाला बाटली लावली.

"पानी पे राजू."

त्यानं घोट घेतला. घोट खाली गेला नाही. तो नाकातून बाहेर आला.

काकूचं हसू थांबलं. "अवो बाई, उठा. जा आत. जाऊ द्या वो तिले, सरका." आणि तिनंच दादीला दंडाला धरून उभं केलं.

डॉक्टरिणीनं राजूला टेबलावर घेतलं आणि कुशीवर वळवलं. "कधीपासून असं आहे?"

"सकायपासून," दादी म्हणाली.

"काय झालं होतं? आजी, तुम्हाला काय वाटतं?"

कुणी इतक्या सरळ विचारील असं दादीला वाटलं नव्हतं. ती टेबलाजवळ गेली आणि आवाज उतरवून म्हणाली, "पान लागलं त्याले."

तेवढ्यात राजू पुन्हा ओकला. फरशीवर पाणी आणि हिरव्या पाल्याचे तुकडे पडले. डॉक्टरिणीनं ते पाहिलं. मग तिनं दादीचं तोंड पाहिलं, वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीनं रंगलेले दात.

"पान? एवढ्या लहान पोराला?"

"पोराले काय अन् मोठ्याले काय. लागते ते लागते."

"लागणारच ना आजी! कुठलं पान होतं?"

"काय मालूम. अंधार होता."

"अंधारात? म्हणजे तुमच्या लक्षात नव्हतं? तुमच्याच डब्यातलं घेतलं असेल त्यानं."

"डब्यात?" दादीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "डब्यात कसं राहीन ते?"

"तंबाखू खाता ना तुम्ही?"

"खाते."

"तेच म्हणते मी." डॉक्टरीण हात धूत होती, आवाज चढला होता. "घरात लहान मुलं असताना ते हाताशी ठेवायचं नसतं. तंबाखूचं विष असतं, आजी. मोठ्याला चक्कर येते, हे तर लेकरू आहे. कितीतरी सांगतो आम्ही, कुणी ऐकतच नाही."

उघड्या दारातून बाकावरची सगळी माणसं ऐकत होती. दादी एक पाऊल मागं सरली. तिनं ओढणी पुढं ओढून तोंडावर घेतली आणि गोरबोलीत वर्षाला म्हणाली, शिकलेली बाई आहे, आपली टिंगल करतेय. त्यानंतर तिनं तोंड मिटलं ते मिटलंच.

दोघी बोलत होत्या ते वर्षाला मात्र दोन्ही बाजूंनी कळत होतं. बाई हिरव्या, चुना लावलेल्या पानाबद्दल बोलत होत्या. दादी दुसऱ्याच पानाबद्दल. मध्ये एक शब्द उभा होता, आणि तो नुसता उच्चारला तरी राजूचं जहर चढणार होतं. तिनं तोंड उघडलं. ओठांवरचं दादीचं बोट तिला अजून तसंच जाणवत होतं. तिनं तोंड मिटलं.

डॉक्टरिणीनं राजूच्या हाताला सलाईन लावलं. सिस्टर आतल्या खोलीत बाळंतिणीपाशी अडकल्या होत्या, त्यामुळं सगळं तिलाच करावं लागत होतं. "उतरेल हळूहळू," ती म्हणाली. पण तिचा चेहरा उतरत चालला होता. ती सारखी राजूच्या डोळ्यांकडं बघत होती.

"राजू, माझ्याकडं बघ. वर बघ, टिनाकडं."

पापण्या हलल्या नाहीत. त्याच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. पापण्या उचलायला त्यानं कपाळाचं बळ लावलं होतं. तो काहीतरी म्हणाला, तो आवाज नाकातून आला, भांड्यात बोलल्यासारखा.

"मुठीत दाब माझं बोट."

त्यानं दाबलं, पण नसल्यासारखं.

डॉक्टरिणीनं बोट त्याच्या मुठीतच राहू दिलं. मुलांनो, इथं थोडं थांबून तिच्याकडं बघा. तिला उत्तर मिळालं होतं. लाळ, उलटी, पोटदुखी, हिरवा पाला, म्हातारीचं तोंड, सगळं जुळत होतं. फक्त दोन पापण्या जुळत नव्हत्या. पुष्कळ माणसं अशा वेळी पापण्यांकडं दुर्लक्ष करतात. तिनं उत्तर बाजूला ठेवलं.

"आजी, मला पुन्हा पहिल्यापासून सांगा. चुकलं असेल माझं काहीतरी."

ओढणी हलली नाही.

मग तिला कोपऱ्यात उभी असलेली पोरगी दिसली. लाल रिबिनीच्या दोन वेण्या, चिखलानं भरलेले पाय. इतका वेळ कुणी तिला काही विचारलंच नव्हतं.

डॉक्टरीण तिच्याजवळ आली आणि खाली, फरशीवर बसली. मांडी घालून. आता तिचं डोकं वर्षाच्या डोक्यापेक्षा खाली होतं.

"तुझं नाव?"

"वर्षा."

"रात्री राजूजवळ कोण झोपलं होतं?"

"मी."

"मी तुमचं घर पाहिलेलं नाही. इथं मांडून दाखवशील? ही भिंत समज." तिनं टेबलावरची जास्तीची चादर काढून दिली.

वर्षानं दादीकडं पाहिलं. दादीनं सांगायला मना केलं होतं ते नाव. मांडायला मना केलं नव्हतं. तिनं चादर भिंतीशी पसरली.

"इथं दादी. इथं मी. इथं राजू."

"भिंतीकडून राजू. बरं. खाट नाही घरात?"

"हाय. बाजेवर गहू होता."

डॉक्टरीण हसली नाही. "बरोबर, ओलं झालं असतं. आणि मग?"

'आणि मग' हे तिनं बैलवाल्या म्हाताऱ्याला म्हटलं होतं अगदी तसंच म्हटलं, घाई नसल्यासारखं. पण तिच्या गळ्याजवळची एक शीर उडत होती, आणि ती वर्षाला इतक्या जवळून दिसत होती.

वर्षा चादरीवर राजूच्या जागी आडवी झाली. डोळे मिटले. मग उजवा हात उचलून कानामागं नेला.

"असं केलं त्यानं. मले उठवलं."

"काय म्हणाला?"

"मुंगी चावली."

"आणि तू?"

आता आला तो प्रश्न. फरशी गार होती. बाहेर वळचणीखाली कुणाची तरी सायकल पडली, तिचा आवाज झाला. वर्षा डोळे मिटूनच बोलली.

"मी म्हटलं, झोप गप."

ती वाट पाहत राहिली. डॉक्टरीण ओरडली नाही. काहून सांगितलं नाही, असंही म्हणाली नाही. वर्षानं डोळे उघडले तेव्हा ती उठून टेबलाजवळ गेली होती आणि राजूच्या कानामागचे केस बोटांनी फाकवून, नाक लावल्यासारखी जवळून बघत होती. केसांच्या मुळाशी एक लाल ठिपका होता. डासाचा म्हटला तर डासाचा.

"वर्षा, आजी म्हणाल्या पान लागलं. कुठलं पान ते?"

दादी भिंतीपासून सुटली. गोरबोलीत ती एवढंच म्हणाली, "बोलू नको."

वर्षा बोलली नाही. तिनं डाव्या वेणीची रिबीन सोडली. वेणी उसवत खांद्यावर आली. रिबिनीचं एक टोक धरून तिनं ती भिंतीच्या बुडाशी ठेवली आणि हलकेच ओढली. लाल पट्टी फरशीवरून वळणं घेत सरकली, भिंतीकडून चादरीकडं, चादरीवर, जिथं राजूचं डोकं असतं तिथपर्यंत. तिथं वर्षानं तिला सोडून दिलं.

डॉक्टरिणीनं रिबिनीकडं पाहिलं.

"साप," ती म्हणाली.

दादीनं झेप घेतल्यासारखं टेबल गाठलं आणि दोन्ही तळव्यांनी राजूचे कान झाकले.

"सिस्टर!" डॉक्टरीण आतल्या खोलीकडं धावली. "मण्यार असणार, झोपेत चावलीय. सापाची लस काढा सगळी. एकशे आठला फोन."

सिस्टर हात पुसत बाहेर आल्या. त्या इथल्याच होत्या. दादीकडं बघून एवढंच म्हणाल्या, "पान लागलं म्हणाली होती का ही? अवो मॅडम." आणि फ्रिज उघडला.

मग खोलीत कुणी मोठ्यानं बोललं नाही. लसीच्या कुप्या फुटत होत्या, सलाईनमध्ये मिसळल्या जात होत्या. बाकावरची काकू दारात येऊन उभी होती आणि मागच्यांना हातानं थोपवत होती. सिस्टर फोनवर लखीरामला सांगत होत्या, बायकोला घेऊन सरळ यवतमाळला या, इकडं नको. डॉक्टरिणीचा तळवा राजूच्या छातीवर होता. वर्षा त्या तळव्याकडं बघत होती. श्वासाबरोबर तो वर व्हायचा, खाली व्हायचा. मग थोडा कमी वर. मग अगदी थोडा. मग तळवा हललाच नाही.

डॉक्टरिणीनं एक रबरी फुगा ओढला, त्याची वाटी राजूच्या नाकातोंडावर दाबली आणि फुगा पिळला. छाती वर आली. सोडला. छाती खाली गेली. पुन्हा पिळला.

दादीनं वर्षाकडं पाहिलं. रागानं नव्हे. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. नाव काढलं गेलं, आणि श्वास थांबला. नाव बाईनं काढलं, पण बाईच्या तोंडात ते आणून ठेवलं वर्षाच्या रिबिनीनं.

"वर्षा." डॉक्टरीण फुगा पिळत पिळत बोलत होती, मान न वळवता. "हे पहाटेपासूनच चढत होतं. मी तो शब्द म्हणायच्या कितीतरी आधी. पापण्या कधी पडल्या? इथं यायच्या आधी ना?"

"घरीच."

"मग?"

ते खरं असावं असं वर्षाला फार वाटत होतं, म्हणूनच तिचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

एकशे आठची गाडी आली. डॉक्टरीण फुग्यासकट चढली, आतल्या माणसानं स्ट्रेचर घट्ट केलं आणि दादीला हात देऊन वर घेतलं. वर्षा खाली राहिली होती. "तिलाही घ्या," डॉक्टरीण म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात पुन्हा सगळं विचारतील. तिलाच माहीत आहे." दार बंद झालं.

रस्ता झडीनं उखडलेला होता. खड्डा आला की सगळे हवेत उडायचे, वाटी मात्र राजूच्या तोंडावरून सुटायची नाही. थोड्या वेळानं आतल्या माणसानं फुगा घेतला आणि डॉक्टरिणीनं मनगटं झाडली. दादी समोर अंग चोरून बसली होती.

"आजी, मी चुकले," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. मला ते बोलणं माहीत नव्हतं, आणि मी माहीत असल्यासारखी बोलले. लोकांसमोर."

दादीनं ओढणी जरा मागं केली. मग म्हणाली, "तुमच्या नागपुरात काय म्हनते मंग?"

"सापच म्हणतात."

"अन् चढत नाही?"

"औषध वेळेवर नाही मिळालं तर चढतं. नाव घेतलं काय, नाही घेतलं काय."

दादीला ते पटलं नाही. तिनं राजूच्या पायावर हात ठेवला आणि देवाचं नाव पुटपुटू लागली.

राजूचे डोळे मिटलेले होते. चेहरा स्थिर, ओठ सैल. मेलेल्या माणसासारखा, असं वर्षाच्या मनात आलं. तेवढ्यात तिला दिसलं, की त्याच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानाकडं चाललं आहे.

"मॅडम, थो रडून राह्यला."

डॉक्टरीण वाकली. "हो. जागा आहे तो. हे विष डोळे बंद करतं, जीभ बंद करतं, हातपाय बंद करतं. कान बंद करत नाही. त्याला सगळं ऐकू येतंय, वर्षा. अंधारात पडलाय, आणि काय चाललंय ते कुणी सांगत नाहीये त्याला. तू बोल त्याच्याशी."

वर्षा स्ट्रेचरच्या कडेला सरकली. तिनं आपलं एक बोट त्याच्या मुठीत घातलं. मूठ सैल होती. काय बोलायचं? देवाचं नाव दादी घेतच होती. तिला पहाटेचा अंधार आठवला. त्या अंधारात त्यानं तिलाच उठवलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही. आणि तिनं त्याला 'झोप' म्हटलं होतं. तो अजून त्याच अंधारात होता.

ती त्याच्या कानाशी वाकली. दादीच्या ते लक्षात आलं. तिनं वर्षाचं मनगट घट्ट धरलं. चुड्या वाजल्या.

वर्षानं दादीकडं पाहिलं, मनगट सोडवून घेतलं नाही, आणि तशीच वाकलेली राहून बोलली.

"राजू, मी ताई हावो. तुले मुंगी नाही चावली. तुले साप चावला. साप, राजू."

आतला माणूस फुगा पिळत होता. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली.

"तुहे डोये उघडत नाही, थे त्याच्यानं. औषध चालू हाय. हे काका तुले हवा देऊन राह्यले. दुखलं तरी भिऊ नको. आपुन गाडीत हावोत, मोठ्या दवाखान्यात चाललो. याडी येऊन राह्यली बापूसंगं. डोये उघडेपर्यंत मी पाहून सांगते तुले, भाईर काय दिसते ते."

दादीची बोटं मनगटावरून ढिली झाली. तिनं हात काढून घेतला नाही, नुसता ठेवला.

वर्षानं दुसऱ्या हाताच्या बाहीनं मागच्या काचेवरची वाफ पुसली, काचेला कपाळ टेकलं आणि सांगायला लागली.

"आता एक म्हैस चालली. तिच्या पाठीवर बगळा हाय, थो उडतच नाही. आता एक बुढा, डोक्यावर युरियाचं पोतं घेतलं त्यानं पावसापायी. आता शाळा. शाळेपाशी पोट्टे उभे हाय, आपल्याच गाडीकडं पाहून राह्यले. आता पूल येते, राजू. नाल्याले पूर हाय. पुलावर थोडंच पानी हाय. गाडी हयू झाली. चाक पान्यात गेलं. आता मधात हावोत आपुन..."